आधी 31,000 लावले, मग 15,100 सोडले

भाऊ, तुमचं कोटेशन दोनदा वाचलं. एक्स-शोरूम 8,49,000, आरटीओ 97,800, इन्शुरन्स 47,800, एक्स्टेंडेड वॉरंटी 13,900, अ‍ॅक्सेसरीज 21,500, हँडलिंग 9,500, फास्टॅग 600. बेरीज 10,40,100. त्यावर शोरूमवाला म्हणतो, राउंड फिगर 10,25,000 करून देतो, पण बुकिंग आजच टाका. आणि तुम्ही विचारताय, घेऊन टाकू का अजून दहा हजारांसाठी ताणू?

एकूण आकड्यावर ताणूच नका. तिथे तुम्ही कायम हरणार, कारण त्या आकड्यात काय हलतं आणि काय हलत नाही हे त्याला माहीत आहे, तुम्हाला नाही. तुमच्याच कागदावर बघा: अ‍ॅक्सेसरीज आणि हँडलिंग मिळून 31,000 त्याने आधी चढवले, आणि त्यातलेच 15,100 सोडून तो उदार झाला. गाडीच्या किमतीला अजून हातही लागलेला नाही.

मी पाचोऱ्याकडचा, खतं-बियाण्याचं दुकान आहे, त्यामुळे घासाघीस दोन्ही बाजूंनी बघतो. स्वतःच्या तीन गाड्या झाल्या, नात्यागोत्यात सहा-सातांच्या सोबत शोरूमला गेलो. पहिल्या गाडीत मात्र चांगलाच फसलो, ते पुढे सांगतो.

आरटीओवर वाद घालू नका. 10 लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 11 टक्के कर बसतो. 8,49,000 चे 93,390 झाले, वरचे नोंदणी, कर्जाची नोंद, स्मार्ट कार्ड वगैरे. फक्त कर भरल्याची खरी पावती मागून घ्या. नंबर प्लेटचे वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. एप्रिल 2019 पासून ती प्लेट गाडीच्या किमतीतच धरलेली असते. टीसीएसचा, म्हणजे विकणारा आपल्याकडून आधीच कापून घेतो त्या आयकराचा, 1 टक्काही एक्स-शोरूम 10 लाखांवरच्या गाडीलाच, तुमच्या गाडीला नाही.

हँडलिंगची गोष्ट सांगतो. मागच्या वेळी जळगावला मेहुण्याची गाडी घ्यायला गेलो, सोबत मामा होते. पारोळ्याचे, धोतर-टोपी. सेल्सवाला पोरगा कॅल्क्युलेटर घेऊन तावातावाने समजावत होता. मामांनी चष्मा लावला, कागदावरच्या हँडलिंगच्या ओळीवर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "हाई काय शे?" पोरगा म्हणाला, काका, गाडी यार्डातून आणायची, धुवायची, ठेवायची. मामांनी अडकित्ता काढला आणि सुपारी कातरायला घेतली. बोट काही उचललं नाही. पोरगा काचेच्या केबिनमध्ये गेला, परत आला, निम्मे करतो म्हणाला. मामा गप्प. मग तिसऱ्या फेरीला मॅनेजर स्वतः बाहेर आला आणि पेनाने ती ओळ खोडली. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. हँडलिंगला कसलाही कायदेशीर आधार नाही, आणि गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेलाच असतो. भांडायची गरज नाही, ओळ खोडली जाईपर्यंत पुढच्या ओळीवर जायचं नाही.

अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज असतं. मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, वर टेफ्लॉन कोटिंग. एकेकाचा भाव लिहून मागा. सीट कव्हर आणि मॅट बाहेर बऱ्याच कमी पैशांत होतात. 'कंपलसरी किट आहे' म्हणाला तर तसं लेटरहेडवर लिहून द्या म्हणायचं. लिहून देत नाहीत. एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र मी स्वतः घेतो. गाडीत आता इतकं इलेक्ट्रॉनिक्स असतं की एक मॉड्यूल गेलं तरी ती वसूल होते. पण ती त्याच दिवशी घ्यायची सक्ती नसते, मूळ वॉरंटी चालू असताना नंतरही घेता येते.

खरा पैसा इन्शुरन्समध्ये आहे. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा, तो दर सरकारने ठरवलेला. तुमचं इंजिन 1,197 सीसीचं, म्हणजे 10,640 आणि वर जीएसटी. त्यात कुणीच सूट देत नाही. उरलेला भाग म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आणि झिरो डेपचा, म्हणजे क्लेममध्ये पार्टच्या घसाऱ्याचे पैसे न कापण्याचा. तो कंपनीगणिक बदलतो आणि त्यावर शोरूमला कमिशन असतं. इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायचं बंधन नाही. घरी बसून ऑनलाइन दोन-तीन कोटेशन काढा, पण आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, सारखी ठेवून; तुमच्या गाडीला 8,06,000 च्या आसपास. आयडीव्ही खाली पाडली की प्रीमियम आपोआप स्वस्त दिसतो आणि क्लेमच्या वेळी डोळे उघडतात. मग तो कागद त्याच्यापुढे ठेवायचा: एवढ्यात करा, नाहीतर मी बाहेरून आणतो. माझ्या वेळी या एका ओळीत 14,000 कमी झाले, तेही त्याच कंपनीच्या पॉलिसीवर.

कर्जाचंही तसंच. शोरूमच्या टेबलावरचा बँकवाला शोरूमला काहीतरी देतो, ते कुठून येणार? आधी आपल्या खात्याच्या बँकेत विचारून या. 6 लाख, पाच वर्षं: 9 टक्क्यांनी हप्ता 12,455 च्या आसपास, साडेनऊने 12,601. महिन्याला चहा-नाश्त्याइतका फरक वाटतो, पण पाच वर्षांत तो पावणेनऊ हजारांवर जातो.

आता गाडीची किंमत. आपल्याकडे केळीचा फळ्यावरचा भाव एक आणि बांधावरचा दुसरा, हे तुम्हाला सांगायला नको. इथेही कंपनीची त्या महिन्याची स्कीम असते: कॅश डिस्काउंट, एक्स्चेंज बोनस, नोकरदाराला कॉर्पोरेट. वडिलांची जुनी गाडी द्यायची आहे म्हणता, तर तिचा भाव आधी बाहेर दोन ठिकाणी काढा आणि नव्या गाडीचा आकडा पक्का होईपर्यंत तिचा विषयच काढू नका. नाहीतर इकडे वाढवतो आणि तिकडे कापतो.

दुसरं कोटेशन धुळ्याहून किंवा नाशिकहून आणा. अमळनेर-चाळीसगावची शाखा पुष्कळदा जळगावच्याच मालकाची असते, तिथला भाव म्हणजे त्याच माणसाला दोनदा विचारणं. राज्यातच घेतली तर कर तोच आणि नंबरही आपला जळगावचा एमएच 19 मिळतो.

मुहूर्ताचं सांगू नका. तुम्ही सेल्सवाल्या पोराला आधीच सांगून बसलात की अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गाडी दारात पाहिजे. आता त्याला घाई नाही, तुम्हाला आहे. दसरा, धनत्रयोदशी, अखाजी या दिवसांत रांग असते, सूट कशाला देतील? मी दुसरी गाडी पितृपक्षात ठरवली. शोरूममध्ये मी आणि सिक्युरिटीवाला. डिलिव्हरी घटस्थापनेला घेतली, आई खूश. तुमच्यासाठी मार्चअखेर आहे: त्यांना वर्षाचा आकडा भरायचा असतो. बिल तेव्हा करा, गाडी आणा, पूजा अखाजीला करा.

आणि माझी फसगत. जानेवारीत गाडी घेतली, 30,000 सूट मिळाली म्हणून गावभर पेढे वाटले. नंतर फॉर्म 21, म्हणजे विक्रीचा दाखला, नीट वाचला तर उत्पादन आदल्या वर्षीच्या मे महिन्याचं. आठ महिने यार्डात उभी गाडी, आणि विकताना एक वर्ष जुनी. शेवटचे पैसे भरण्याआधी तुमच्या नावावर लागणारी गाडीच यार्डात दिवसाउजेडी जाऊन बघा, चासी नंबर टिपून घ्या आणि उत्पादनाचा महिना-वर्ष विचारा. जुना स्टॉक घ्यायला हरकत नाही, पण त्याची सूट वेगळी मागायची.

बुकिंगचे 5,000 द्यायचे तर पावतीवर रंग, व्हेरियंट, ठरलेला ऑन-रोड आकडा आणि रद्द केल्यास पैसे परत, हे चारही लिहून घ्या.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की वडील लाल गाडीत बसले आणि सेल्सवाल्या पोरासमोरच म्हणाले, "बस, हीच घेऊ." पुढच्या दोन फेऱ्यांना त्यांना कपाशीच्या कामात गुंतवून ठेवा. किल्ली घ्यायला न्या.