नाताळातले वादळ : किनाऱ्यावर पाऊस, घाटमाथ्यावर बर्फ

प्रश्न : माझा मुलगा कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहतो. गेल्या नाताळात आम्हा दोघांना मोटारीने लेक टाहोजवळच्या ट्रकी गावी नेण्याचा त्याचा बेत होता. मोबाइलवरच्या ॲपमध्ये आठ दिवस आधी दोन फूट बर्फ दिसत होता, चार दिवस आधी त्याचा नुसता पाऊस झाला, आणि आदल्या दिवशी पुन्हा बर्फाचा इशारा आल्यामुळे बेत रद्द करावा लागला. घरापाशी त्या दिवशी फक्त रिमझिम होती. अमेरिकेतही अंदाज इतका डळमळतो, तर यंदा विसंबायचे कशावर?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली निराशा मी समजू शकतो. सातासमुद्रापार मुलाकडे गेल्यावर सुटीचा प्रत्येक दिवस मोलाचा असतो. मात्र आपण पाहिलेला बदल हा निष्काळजीपणा नव्हता. त्या भूगोलात तो जवळजवळ अटळ आहे.

हिवाळ्यात पॅसिफिक महासागरावरून बाष्पाचे लांबच लांब, काहीशे किलोमीटर रुंदीचे पट्टे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर येतात. हवामानशास्त्रज्ञ त्यांना ‘वातावरणातील नद्या’ म्हणतात. पुढचे आपल्याला सह्याद्रीमुळे परिचित आहे. बाष्पाने भरलेली हवा डोंगर चढताना थंड होते व पाणी टाकते, म्हणून महाबळेश्वर चिंब भिजते आणि पूर्वेकडचे माण-खटाव कोरडे राहतात. तिकडे हे दोनदा घडते. आधी किनाऱ्यालगतचे सांताक्रूझ डोंगर भिजतात व त्यांच्या आडोशाला असलेल्या सॅन होजेच्या वाट्याला थोडाच पाऊस येतो. मग तीच हवा, ट्रकी ज्यात वसले आहे त्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेची कितीतरी उंच भिंत चढते. त्यामुळे घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या रिमझिमीवरून साडेतीनशे किलोमीटरवरच्या घाटाची कल्पना येत नाही.

या नदीचे मुख किनाऱ्याला नेमके कोठे लागेल, हे पाच दिवस आधी काहीशे किलोमीटरनी चुकू शकते, कारण ती ज्या महासागरावरून येते तेथे निरीक्षणाची ठाणी फारच विरळ आहेत. उपग्रहांनी ही उणीव बरीच भरून काढली आहे, आणि अलीकडच्या वर्षांत हिवाळ्यात विमाने पाठवून वाटेत मोजमापाची उपकरणेही सोडली जातात. तरीही खरी अडचण त्यापुढची, म्हणजे पावसाचा बर्फ कोणत्या उंचीपासून होणार, ही आहे. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणून अंदाजात तापमान दोन अंशांनी चुकले तरी बर्फाची पातळी सुमारे 300 मीटर वरखाली होते. ट्रकी सुमारे 1,770 मीटरवर आहे, तर त्याआधी लागणारा डॉनर घाटमाथा सुमारे 2,200 मीटरवर. म्हणजे गावात पाऊस आणि घाटात टायरांवर चढवायच्या साखळ्यांशिवाय चाक न हलणे, हे एकाच तासात घडू शकते. त्यातच वादळाची सुरुवात पुष्कळदा उबदार असते आणि थंड हवेची आघाडी आल्यावर ही पातळी झपाट्याने खाली येते. ती आघाडी चार तास लवकर आली की पावसाचे आकडे बर्फाच्या रकान्यात जातात. ॲपमध्ये दिसणारा एकच आकडा यातले काहीही सांगत नाही, हा मला त्या ॲपचा मोठा दोष वाटतो.

दोन नाताळांची तुलना केल्यास हे स्पष्ट होईल. डिसेंबर 2021 मध्ये डॉनर घाटाजवळच्या हिम-प्रयोगशाळेत 27 तारखेपर्यंतच 193.7 इंच, म्हणजे जवळजवळ पाच मीटर, बर्फाची नोंद झाली, 1970 चा डिसेंबरचा विक्रम मोडला आणि नाताळानंतर या घाटातून जाणारा महामार्ग 80 बंद ठेवावा लागला. याउलट 1996 च्या अखेरीस आलेली वादळे इतकी उबदार होती की पर्वतात खूप उंचावरही पाऊस पडला, आधीचा बर्फ वितळला आणि 1997 च्या नववर्षदिनी ट्रकी नदीचे पाणी रीनो शहरात शिरले.

म्हणून आठ दिवस आधीच्या अंदाजाचा उपयोग एवढाच करावा की वादळाची शक्यता दिसत असेल, तर पैसे परत मिळतील अशीच खोली घ्यावी व निघण्याचा दिवस मागेपुढे करण्याची मोकळीक ठेवावी. युरोपीय हवामान-अंदाज केंद्र (ECMWF) किंचित वेगवेगळ्या सुरुवातींपासून पन्नासहून अधिक अंदाज एकाच वेळी काढते. ते एकमेकांपासून दूर जात असतील, तर कोणत्याही एका आकड्यावर जीव लावू नये. निर्णय दोन दिवस आधी घ्यावा, आणि तोही राष्ट्रीय हवामान सेवेच्या सॅक्रामेंटो व रीनो कार्यालयांचे विवेचन वाचून, कारण त्यात बर्फाची पातळी आणि तिच्याविषयीची शंका शब्दांत लिहिलेली असते. निघण्यापूर्वी राज्याच्या वाहतूक विभागाच्या नकाशावर साखळ्यांचा नियम पाहावा. ‘आर-2’ असल्यास चारही चाकांना शक्ती देणाऱ्या व चारही टायर बर्फाचे असलेल्या गाडीला साखळ्या लावण्यापासून सूट मिळते, मात्र त्या जवळ बाळगाव्याच लागतात; ‘आर-3’ असल्यास कोणालाच सूट नाही. साखळ्या चढवण्याचा सराव मुलाने घरासमोरच्या कोरड्या रस्त्यावर आधी एकदा करून ठेवावा, कारण घाटात हे काम अंधारात आणि गोठलेल्या बोटांनी करावे लागते.