विषाणूंचे नवे प्रकार कसे निर्माण होतात आणि त्यांची काळजी करावी का?

विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या जनुकीय साखळीच्या असंख्य प्रती काढतो आणि त्या काढताना चुका होतात, ज्यांना उत्परिवर्तने म्हणतात. कोरोना विषाणूकडे चुका दुरुस्त करणारी यंत्रणा असूनही काही निसटतातच, इन्फ्लुएन्झाकडे तर तशी सोयही नाही. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा विषाणूलाच मारक ठरतात, त्यामुळे नवा प्रकार सापडल्याच्या नुसत्या बातमीने घाबरण्याचे कारण नाही. मात्र एखाद्या बदलामुळे विषाणू पेशीला अधिक घट्ट चिकटला किंवा प्रतिपिंडांना (विषाणूला रोखण्यासाठी शरीर बनवते त्या प्रथिनांना) चकवू लागला, तर तो प्रकार वेगाने पसरतो. नोव्हेंबर 2021 मध्ये आढळलेल्या ओमिक्रॉन या कोरोनाच्या प्रकाराच्या काटेरी प्रथिनात (ज्याने विषाणू पेशीला चिकटतो) 30 हून अधिक बदल होते. म्हणूनच लस घेतलेल्यांनाही संसर्ग झाला, पण गंभीर आजारापासूनचे संरक्षण बऱ्याच अंशी टिकले, कारण टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) त्या प्रथिनाचे न बदललेले भागही ओळखतात.