आधी कान बघा, मग मेंदू

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकटा भाऊ ४३ वर्षांचा, डाउन सिंड्रोम. आई गेली, त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून तो तुमच्याकडे आहे. पूर्वी स्वतःचं स्वतः आवरायचा, आता अंघोळीला नेलं की दाराची चौकट घट्ट धरून उभा राहतो. हाकेला ओ देत नाही. रात्री उठून बसतो. डॉक्टर म्हणाले, "या मुलांचं असंच होतं, वय झालं आता," आणि झोपेची गोळी लिहून दिली. हा डिमेन्शिया, म्हणजे विस्मरण होऊन मेंदूचं काम ढासळत जाण्याचा आजार, आहे का, असं तुम्ही विचारलंय.

असू शकतो. पण "असंच होतं" हे काही निदान नाही. मी डॉक्टर नाही, पण हेच वाक्य मीही ऐकलंय आणि त्यापायी आमचे सहा महिने फुकट गेलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या धाकट्या भावालाही डाउन सिंड्रोम आहे. बाळू म्हणतो आम्ही त्याला. आता ५४ चा आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजणं हे आमच्या घरात त्याचं खातं. आईनेच लहानपणी सोपवलेलं. तिसरी शिट्टी झाली की "तीन!" म्हणून ओरडायचा आणि स्वतः गॅस बंद करायचा. त्याला शेजारी कोणी आलंगेलं कळायचं नाही, पण शिट्टी चुकायची नाही. ४५ व्या वर्षी हे थांबलं. सात शिट्ट्या झाल्या तरी हा ओट्यापाशी स्टुलावर ढिम्म बसलेला. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला. त्याच्यासमोरच त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलायलाही लागलो.

पुढे कान खाजवतो म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेलं. दोन्ही कानांतून मळाचे काळे, दगडासारखे खडे निघाले. त्या संध्याकाळी खिचडी लावली होती. पहिल्या शिट्टीला तो असा दचकला की स्टुलावरून पडायचाच बाकी होता. मग कुकरकडे बघत म्हणाला, "एक." बायको तिथेच ओट्याला टेकून रडायला लागली.

डाउन सिंड्रोममध्ये कानाची नळी मुळातच अरुंद असते, मळ साचतो आणि घट्ट बसतो. वयाच्या मानाने ऐकूही लवकर कमी येतं. तेव्हा "हाकेला ओ देत नाही" हे वाचल्यावर मी तरी आधी कानच बघीन.

मग बाकीचं. थायरॉइड मंदावणं या लोकांमध्ये फार सापडतं. माणूस सुस्त होतो, चिडका होतो, विसरतो. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी दरवर्षी करायचीच, शिवाय बी-१२ आणि हिमोग्लोबिन. मोतीबिंदू लवकर येतो, चाळिशीतही. दात आणि बद्धकोष्ठ यांकडे कोणी बघत नाही, पण निम्मा "हट्ट" तिथे असतो. बाळूने एकदा भाकरी सोडून दहीभाताचाच धोशा लावला, आम्ही म्हटलं लाडावलाय. दाढ किडली होती. "दुखतंय" हा शब्द त्याला येतो, पण तो आपणहून म्हणत नाही. जेवण बदलतो, नाहीतर हात उगारतो. चाल बदलली किंवा कपड्यांत लघवी व्हायला लागली तर मानेच्या मणक्याची तपासणी मागा. या लोकांची मान वरच्या बाजूला सैल असू शकते आणि मज्जारज्जू दाबला जातो.

त्या झोपेच्या गोळीबद्दल. तुमचा भाऊ घोरतो का? घोरता घोरता मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन धडपडून उठतो का? एक रात्र जागून बघा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. झोपेत श्वास अडकणं डाउन सिंड्रोममध्ये अतिशय सर्रास आहे आणि काही झोपेच्या गोळ्यांनी ते बिघडतं. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, पण व्हिडिओ दाखवून विचारा. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. सर्दीच्या आणि लघवीच्या काही साध्या गोळ्यांनीही डोकं गरगरून माणूस बावचळतो.

आणि ताई, आई गेल्याचं त्याला कोणी सांगितलंय का? तुमच्या प्रश्नात ते कुठेच नाही. आमच्याकडे मोठ्यांनी ठरवलं, बाळूला स्मशानात न्यायचं नाही, आणि विचारलं तर "आई गावाला गेलीय" म्हणायचं. तो तीन महिने रोज संध्याकाळी दारात चप्पल घालून बसायचा. शेवटी मी आईचा हार घातलेला फोटो समोर ठेवून सांगितलं, "आई वारली. आता परत येणार नाही." तो खूप रडला, दोन दिवस जेवला नाही, पण दारात बसणं थांबलं. एका फटक्यात आई, घर, स्वतःची खोली, सगळं गेलेला माणूस गप्प झाला तर त्याला मी लगेच डिमेन्शिया म्हणणार नाही. (पुढे खरंच विस्मरण वाढलं तर हाच नियम उलटतो. तेव्हा "आई कुठेय?" ला दर वेळी मृत्यूची बातमी द्यायची नाही. "आईची आठवण येतेय ना?" म्हणायचं आणि फोटो काढून बसायचं.)

हे सगळं तपासूनही घसरण चालूच राहिली, तर मात्र डिमेन्शियाचा विचार गंभीरपणे करायचा, कारण धोका खरा आहे. डाउन सिंड्रोममध्ये २१ वं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं, आणि अल्झायमरमध्ये (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या घटकाचं मूळ प्रथिन बनवणारं जनुक नेमकं त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीपर्यंत मेंदूत ते बदल जवळजवळ सगळ्यांच्यात दिसतात. लक्षणं बहुतेकदा पन्नाशीच्या आसपास सुरू होतात. पूर्वी हा प्रश्न फारसा यायचाच नाही. अमेरिकेत १९८३ साली डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य २५ वर्षांचं होतं, आज ते साठीच्या घरात आहे.

निदानाला जाताना एक अडचण येते. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा, या नेहमीच्या चाचण्या इथे कुचकामी. बाळूला वार कधीच येत नव्हते. त्याची तुलना त्याच्याशीच करायची: दोन वर्षांपूर्वी काय येत होतं, आता काय येत नाही. एनटीजी-ईडीएसडी नावाची एक प्रश्नावली याच कामासाठी बनवलेली आहे आणि ती घरच्यांनी भरायची असते. ती भरून न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जुने लग्नाबिग्नाचे व्हिडिओ असतील तर तेही न्या. त्यात तो कसा चालतोय, कसा जेवतोय ते दिसतं. चाळिशीनंतर पहिल्यांदाच फिट आली किंवा हातपाय झटके द्यायला लागले, तर ते डॉक्टरांना ठळक सांगा.

आता अंघोळ. तुमच्या बाथरूमच्या दारात काळं किंवा गडद पायपुसणं आहे का? आमच्याकडे होतं. नजरेला खोली कळेनाशी झालेल्याला तो खड्डा वाटतो. ते काढून फरशीच्याच रंगाचं टाकलं आणि चौकटीवरची झोंबाझोंबी निम्म्याने कमी झाली. शॉवर बंद. बादलीत कोमट पाणी, बसायला प्लास्टिकचं स्टूल, आधी पायांवर तांब्या, डोकं शेवटी, तेही एक दिवसाआड. खांद्यावर पंचा टाकून वरूनच पाणी घातलं की उघडं वाटत नाही. साबण त्याच्या हातात द्यायचा. वेळ लागतो, लागू द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. तो १८ च्या पुढचा असल्यामुळे तुम्ही बहीण असलात तरी आपोआप कायदेशीर पालक ठरत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालकत्व देते. तिथे अर्ज करा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी ते. त्याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आधीच्या आजारांची वैद्यकीय तपासणी न मागता. वडील किंवा आई सरकारी नोकरीत असतील तर त्याच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचं लगेच बघा. आणि तुमची स्वतःची झोप उडाली असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर रात्रीही चालतो. मी एकदा पहाटे तीनला केलाय.

बाळूला ५० व्या वर्षी डिमेन्शियाचं निदान झालं. आता तो शिट्ट्या मोजत नाही, गॅसजवळ आम्ही जाऊही देत नाही. गेल्या महिन्यात हाक मारली तर बघेनासा झाला. सगळे म्हणाले, आजार पुढे सरकला. मी कान दाखवून आणले. डाव्या कानात मळ होता. थेंब चालू आहेत, मंगळवारी काढायला बोलावलंय.