विस्थापित कुटुंबातून पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ होता येईल का?

तुमचं नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातलं गाव सरदार सरोवरात बुडालं, आता तळोद्याच्या वसाहतीत राहता; तिथून हे जमेल का, असं विचारलंय. जमेल, पण वेळ लागेल. हे ‘पुनर्वसन’ धरणग्रस्तांचं नव्हे; अपंगत्व आलेल्या माणसाला मनाने सावरायला मदत करायचं काम. आधी मानसशास्त्रात बी.ए., एम.ए. तेवढ्यावर भागत नाही. १९९२च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि नोंदणी लागतेच. त्याआधी व्यवसायाची पाटी लावायची घाई नको.

खरा घोळ कागदांचा. शाळेच्या दाखल्यावर बुडीत गाव, आधारवर वसाहत! जात वैधतेचा अर्ज अकरावीतच मार्गी लावा, ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ होते.

तिकडची पावरी बोली येते ना? मग निम्मी बाजी तुमची. अपघातात पाय गमावलेला धडगावचा माणूस छापील मराठीतल्या प्रश्नावलीला नुसता ‘हो हो’ म्हणतो. त्याच्या बोलीत ‘झोप लागते का?’ विचारलं, की बोलू लागतो.