कोकणात राहून फोटॉनिक्सचा प्राध्यापक होता येते का?

आपण मालवणचे आहात, इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला शिकता, आणि फोटॉनिक्स (प्रकाशाचे तंत्रज्ञान) व मायक्रोफॅब्रिकेशन (अतिसूक्ष्म रचना घडवणे) या विषयांतल्या प्राध्यापकाची कारकीर्द कशी असते व ती कोकणात राहून करता येते का, असे आपण विचारले आहे. मी गेली 19 वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात हेच विषय शिकवते, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करते. करता येते. मात्र प्रयोगशाळेचा कोणता भाग इथे मांडायचा आणि कोणत्या भागासाठी दुसऱ्याच्या दारी जायचे, हे आधी ठरवावे लागते, आणि मला ते उमगायला चार पावसाळे लागले.

आधी विषय कशाभोवती फिरतो ते सांगते. काचेच्या तंतूतून प्रकाश नेताना होणारा क्षय किलोमीटरला 20 डेसिबलपर्यंत खाली आला, म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग जरी उरला, तरी दूरसंचाराला तो पुरेल, आणि काचेतली अशुद्धी काढली की ते साधेल, असे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी 1966 मध्ये मांडले. 1970 मध्ये कॉर्निंगच्या संशोधकांनी ते करून दाखवले. आजच्या तंतूत 1550 नॅनोमीटर तरंगलांबीला हा क्षय किलोमीटरला 0.2 डेसिबलच्या आसपास असतो, त्यामुळे प्रकाश निम्मा व्हायला सुमारे 15 किलोमीटर लागतात. तोच प्रकाश सिलिकॉन चिपवरच्या वेव्हगाइडमध्ये, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या अरुंद पट्टीत, सोडला, जिची रुंदी साधारण 500 आणि उंची 220 नॅनोमीटर असते, तर सेंटिमीटरला 2 डेसिबल क्षय झाला तरी काम बरे उतरले असे आम्ही म्हणतो. म्हणजे दीड सेंटिमीटरमध्ये निम्मा प्रकाश गेला. सिलिकॉन या प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक असते. प्रकाश विखुरतो तो वेव्हगाइडच्या बाजूच्या भिंतींवर, जिथे कोरताना दोन-चार नॅनोमीटरचा खडबडीतपणा राहून जातो. या विषयातल्या माणसाची निम्मी हयात त्या भिंतींच्या मागे जाते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या भिंती कशा उभ्या राहतात, ते अंगणातल्या रांगोळीच्या छापावरून समजू शकेल. सिलिकॉनच्या चकतीवर फोटोरेझिस्ट नावाचा प्रकाशसंवेदी लेप फिरवून पसरायचा, त्यावर क्रोमची नक्षी असलेला मास्क धरून अतिनील प्रकाश टाकायचा, डेव्हलपरमध्ये लेपाचा नको तो भाग विरघळवायचा, आणि उघड्या पडलेल्या जागी प्लाझ्माने, म्हणजे विद्युतभारित वायूने, सिलिकॉन कोरायचे. खोलीत पिवळेच दिवे असतात, कारण निळ्या आणि अतिनील प्रकाशाने लेप आधीच खराब होतो. वाचायला हे चार ओळींचे आहे. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीला तापमान, वेळ आणि आर्द्रता यांची एकेक अट चिकटलेली असते.

आर्द्रतेच्याच अटीवर माझी पहिली चार वर्षे खर्ची पडली. पीएच.डी. संपवून इथे रुजू झाले तेव्हा आपली स्वतःची छोटी क्लीनरूम, म्हणजे धूळ आणि हवा काबूत ठेवलेली खोली, असावी, या हट्टाने मी मागे लागले आणि महाविद्यालयाने एक खोली, दोन वातानुकूलन यंत्रे आणि एक जुना मास्क अलायनर (मास्क चकतीवर नेमका बसवून प्रकाश टाकणारे यंत्र) दिलाही. डिसेंबर ते मार्च सगळे उत्तम चालले. जूनमध्ये बाहेरची आर्द्रता 90 टक्क्यांवर गेली, दुपारी दोन तास वीज गेली, आणि संध्याकाळी डेव्हलपरमध्ये बुडवलेल्या चकतीवरची नक्षी सायीसारखी सुटून वर तरंगू लागली. कारण साधे होते: सिलिकॉनवरच्या ऑक्साइडला बाष्प धरते आणि त्या ओल्या पृष्ठभागावर लेप पकड घेत नाही. त्यावर उपाय आहेत. चकती आधी तापवून कोरडी करतात, मग एचएमडीएस या रसायनाची वाफ देतात, आणि खोलीतली आर्द्रता 45 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. पहिले दोन उपाय मी केले. तिसरा म्हणजे समुद्रापासून चार किलोमीटरवर चार महिने रात्रंदिवस हवा सुकवत राहणे, आणि ते वीजबिल कोणत्याही खासगी महाविद्यालयाला परवडणारे नाही. भिंगांवर बुरशी येते ती वेगळीच. लोक आगोटीला तांदूळ आणि सुके मासे भरतात, मी सिलिका जेल भरते आणि भिंगे बल्ब लावलेल्या कपाटात हलवते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की किनाऱ्यावरच्या छोट्या महाविद्यालयाने क्लीनरूमच्या नादी लागू नये. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची आयआयटी येथील सुविधा बाहेरच्या संशोधकांना वापरता याव्यात, यासाठी 2008 पासून इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम चालू झाला, आणि माझ्यासारख्यांची कारकीर्द त्याच वाटेने उभी राहिली. रचना संगणकावर इथे करायची, रात्रीच्या कोकणकन्येने निघून पहाटे ठाण्याला उतरायचे, पवईच्या आयआयटीत आठवडाभर मिळेल त्या वेळेत यंत्रावर काम करायचे, आणि चकती डब्यात घालून परत यायचे. यंत्राचा वेळ मोजून मिळत असल्यामुळे जाण्याआधी पायऱ्यांची यादी इतक्या बारकाईने लिहावी लागते, की ज्यांच्या घरातच क्लीनरूम आहे त्यांच्याइतके बेफिकीर राहता येत नाही. हा तोटा आहे की फायदा, ते मी अजून ठरवलेले नाही.

मोजमाप मात्र इथे करायचे. तंतूचा गाभा 8-9 मायक्रॉनचा आणि वेव्हगाइड अर्ध्या मायक्रॉनची, त्यामुळे दोहोंची गाठ घालताना मायक्रॉनच्या अंशाइतका धक्काही वाचन बिघडवतो. आमची इमारत रस्त्यालगत आहे. चिऱ्यांचा डंपर गेला की मीटरवरचा आकडा हलतो. त्यामुळे महत्त्वाची मोजमापे आम्ही रात्री अकरानंतर घेतो.

संशोधनाचा विषय निवडतानाही मी एकदा चांगलीच आपटले. गोड्या पाण्याचा अपवर्तनांक 1.333 आणि समुद्राच्या पाण्याचा सुमारे 1.339, एवढा फरक चिपवरचे रिंग रेझोनेटर (वर्तुळाकार वेव्हगाइड) सहज ओळखते, म्हणून खाडीची क्षारता मोजणारी चिप आम्ही तीन वर्षे खपून केली आणि कोळंबीचे तलाव असलेल्या एका गृहस्थांना दाखवायला नेली. त्यांनी खिशातून हाताएवढा रिफ्रॅक्टोमीटर काढला, पाण्याचा थेंब टाकला, आकडा वाचला, आणि विचारले, "मॅडम, ह्याच्यापेक्षा तुमची चिप काय जास्त सांगते?" काहीच नाही, हे मला कबूल करावे लागले. त्यानंतर आम्ही पृष्ठभागावर विशिष्ट रेणू धरून ठेवणाऱ्या लेपांकडे वळलो, कारण तिथे चिपला खरोखर काही जास्त सांगता येते.

बाकी नोकरी इतर विषयांच्या प्राध्यापकांसारखीच आहे. सहायक प्राध्यापकाला नियमाने आठवड्याला 16 तास शिकवायचे असते, परीक्षांची आणि मान्यतेची कागदपत्रे असतात, आणि संशोधनाला वेळ मिळतो तो यांतून उरलेला. बढतीसाठी पीएच.डी. अटळ आहे. गेट देऊन एम.टेक. करावे आणि पीएच.डी. जिथे क्लीनरूम आहे अशाच ठिकाणी करावी. ती पाच-सहा वर्षे पुढे पुन्हा मिळत नाहीत. तिथे हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरावे लागेल, तेव्हा कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम कुठे ठेवले आहे ते पहिल्या दिवशी पाहून घ्यावे, कारण त्या आम्लाची जखम सुरुवातीला अनेकदा दुखतही नाही.

सध्या आपल्या प्रयोगशाळेत 1 मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक तंतूचा संच बहुधा असेल. लाल प्रकाश 1 मीटर आणि 5 मीटर लांबीच्या तंतूंतून पाठवून मोजावा, तंतूच्या टोकात डोळा घालू नये. दोन्हींमधला फरक एका डेसिबलहूनही कमी निघेल, आणि जोडणी काढून पुन्हा बसवली की कदाचित तेवढाच फरक नुसत्या जोडणीने पडेल. प्रत्येक तंतूची जोडणी दहा वेळा काढून-घालून दहाही वाचने वहीत लिहावीत. माझ्याकडे संशोधनासाठी कोणी आले, की मी गुणपत्रिकेआधी ती वही मागते.