सोनेरी टिप आणि तिच्याखालचं काळं

प्रश्न : भोसरीला माझं टर्निंगचं छोटं शॉप आहे. लेथवर धातू कापायला सोनेरी कार्बाईड टिपा वापरतो. ईएन-८ स्टीलचे थोडे जॉब झाले की धारेजवळचा सोनेरी रंग उडतो, खाली काळं दिसतं. ऑपरेटर म्हणतो टिप गेली, फेका. दुकानदार म्हणतो चालवा. कोणाचं ऐकू?

उत्तर : या खेपेला दुकानदाराचं ऐका. असं मी फारसं कधी म्हणत नाही. ते सोनेरी म्हणजे टायटॅनियम नायट्राईडचा जेमतेम मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) थर. कुठला कोपरा वापरून झालाय हे ऑपरेटरला लांबून दिसावं, हा त्याचा मोठा उपयोग. खरा कमावता थर त्याच्याखालचा, ॲल्युमिनाचा. तापलेल्या चिपची, म्हणजे कापून निघणाऱ्या धातूच्या सालीची, धग तोच अडवतो. (ॲल्युमिना मुळात काळा नसतो बरं का. तो पारदर्शक असतो, खालचा गडद थर त्यातून दिसतो.) त्याखाली टायटॅनियम कार्बोनायट्राईड, घासण्याला पुरून उरणारा. सगळं मिळून दहा-पंधरा मायक्रॉन. आपला केस सत्तरच्या आसपास असतो. धारेवर उघडं कार्बाईड चमकायला लागलं, फिनिश बिघडली किंवा साईज सरकली, की कोपरा फिरवा. तोवर नको.

लोक ‘कोटिंग मारलं’ म्हणतात, तेव्हा ब्रशने रंग फासल्यासारखं वाटतं. मी २९ वर्षं कोटिंगची भट्टी सांभाळली. आम्ही ‘थर चढला’ म्हणायचो, कारण तो वायूतून जमत जातो; या पद्धतीला सीव्हीडी म्हणतात. टायटॅनियम टेट्राक्लोराईड हा पाण्यासारखा दिसणारा द्रव. तो १३६ अंशांना उकळतो आणि हवेतल्या दमटपणाने पांढरा धूर सोडतो. पावसाळ्यात एखादं सील जरा गळलं की शेडमध्ये सत्यनारायणाच्या पूजेइतका धूर, फक्त घसा जाळणारा. त्याची वाफ हायड्रोजन आणि मिथेनबरोबर हजार अंशांवर तापलेल्या टिपांवरून न्यायची. टायटॅनियम कार्बाईड टिपेवर बसतं, हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ पुढे स्क्रबरमध्ये, म्हणजे वायू धुणाऱ्या यंत्रात जाते.

पण थर नुसता वर बसत नाही, खालच्याकडूनही मागतो. हे मला एका परत आलेल्या लॉटने शिकवलं. टिपा दिसायला झकास, पण धार मारी बिस्किटासारखी तुटत होती. एक टिप कापली, पॉलिश केली, पोटॅशियम फेरिसायनाईड आणि कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात काही सेकंद धरली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. थर आणि कार्बाईड यांच्या सीमेवर काळपट ठिपक्यांची रांग उठली. इटा फेज! मिथेनचा फ्लोमीटर अडकला होता. टायटॅनियमला कार्बनची भूक दांडगी. वायूतून मिळाला नाही, तर त्याने खालच्या टंगस्टन कार्बाईडमधला ओढला. मागे उरलं ते कोबाल्ट-टंगस्टनचं कार्बन-उपाशी संयुग, काचेसारखं ठिसूळ. तीच ही इटा फेज. सबंध ट्रे भंगारात गेले, आणि फ्लोमीटर न तपासणारा मीच होतो.

म्हणून आता आधी नायट्राईडचा पातळ थर देतात. मग मिथेनऐवजी ॲसिटोनायट्राईल वापरून साडेआठशे अंशांच्या आसपास कार्बोनायट्राईड वाढवतात. तापमान कमी, त्यामुळे खालून कार्बन ओढणंही कमी.

प्रश्न : हायस्पीड स्टीलचा पंच सीव्हीडी पद्धतीने कोट करून आणला. थर सुंदर, पण पंच डायमध्ये जाईना. कोटिंगवाल्याची चूक?

उत्तर : अर्धी तुमची. हायस्पीड स्टीलचं टेंपरिंग (कडक केल्यावर पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवणं) साडेपाचशेच्या आसपास होतं. त्याला हजार अंशांत तासन्‌तास ठेवलं की कडकपणा संपला. परत हार्डनिंग करावं लागतं, आणि तेव्हा साईज हलतेच. पंच-डायमधली फट (क्लिअरन्स) मायक्रॉनमध्ये असेल तर पीव्हीडीला, म्हणजे कमी तापमानाच्या कोटिंगला पाठवा. ते पाचशेच्या आत उरकतात. हे न विचारता ऑर्डर घेतली, ही उरलेली अर्धी चूक त्यांची.

प्रश्न : मी धातुशास्त्राची विद्यार्थिनी आहे. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतो. मग त्याचा थर वायूतून कसा चढवतात?

उत्तर : वितळवायचाच नाही, ही तर गंमत. टंगस्टन हेक्झाफ्लोराईड १७ अंशांना उकळतं; पुण्यात डिसेंबरच्या पहाटे द्रव, दुपारी वायू. हायड्रोजनबरोबर ते पाच-सहाशे अंशांच्या तापलेल्या पृष्ठभागावर सोडलं की टंगस्टन तिथं बसतो आणि हायड्रोजन फ्लोराईड निघतं. हा वायू हाडापर्यंत पोचतो. अशा प्रयोगशाळेत गेलात तर मशीन बघण्याआधी त्यावरचा उपाय असलेली कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल कुठे ठेवली आहे ते विचारा.

याच पद्धतीने उपग्रहांच्या छोट्या रॉकेट इंजिनांची दहनकक्षं अमेरिकेत बनवतात. मॉलिब्डेनमचा साचा घेतात, त्यावर आधी इरिडियम, मग ऱ्हेनियमचा जाड थर वाढवतात. ऱ्हेनियम ३१८६ अंशांपर्यंत वितळत नाही, पण ऑक्सिजनपुढे लगेच खलास. म्हणून आगीच्या बाजूला इरिडियमचं अस्तर. शेवटी ॲसिडने मधला मॉलिब्डेनम विरघळवून टाकतात. हातात उरतो तो पोकळ कक्ष, वायूपासून अणूअणूने जमलेला.