राजकारणावर बोलताना समोरच्याचा मान राखायचा म्हणजे गप्प बसायचं का?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला मामांकडे जेवायला गेलात की निवडणुकीचा विषय निघतो, आवाज चढतात आणि घरी परतताना आई म्हणते, "मोठ्यांशी नीट बोलता येत नाही का तुला?"

गप्प बसू नका. त्याने मान वगैरे काही राहत नाही, जेवण तेवढं लवकर उरकतं.

आणि आवाज चढला म्हणजे अपमान झाला, असंही नसतं. आवाज जराही न चढवता, अहो-जाहो करत माणसाला सोलून काढण्यात आम्हा पुणेकरांचा हात कोण धरणार? "वा, तुमचा अभ्यास दांडगा दिसतोय" हे आमच्या पेठेत ज्या सुरात म्हणतात, त्यापेक्षा शिवी परवडते. म्हणून सूर सोडा. मी एवढंच बघतो, की आपण जे बोललो त्याला समोरच्याला उत्तर देता येईल का.

वेताळ टेकडीवरून काढायच्या म्हणतात त्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचं घ्या. लॉ कॉलेज रस्त्यावर रोज संध्याकाळी अडकणाऱ्याला तो हवाय, रोज सकाळी टेकडी चढणाऱ्याला नकोय. "नव्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना कोंडी आहेच, मग गर्दी कमी कशी होणार?" हा प्रश्न कितीही तावातावाने विचारा, त्यावर बोलता येतं. आकडे मागता येतात, दुसरा मार्ग सुचवता येतो. पण टेकडीवरच एकदा माझ्या पुढ्यात झालेलं संभाषण ऐका. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, खाली अँब्युलन्स अडकते हो." त्यावर दुसरे, "किती मिळाले बिल्डरकडून?" आता याला काय उत्तर देणार? खिशातून पासबुक काढून दाखवायचं? मग पहिल्यांनीही दुसऱ्यांच्या फ्लॅटमधले एसी मोजायला घेतले. अँब्युलन्स राहिली बाजूला, आणि खरं तर तेवढाच मुद्दा बोलण्यासारखा होता.

निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेतही हेच आहे. टीका दुसऱ्या पक्षाच्या धोरणांवर, कार्यक्रमावर, आधीच्या कामगिरीवर करा. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेलं खासगी आयुष्य मध्ये आणू नका. एखाद्याची मतं पटत नाहीत म्हणून त्याच्या घरासमोर निदर्शनं करू नयेत, असंही त्यात आहे. पाळतं कोण, ते विचारू नका. पण मामांच्या दिवाणखान्यात लावून बघायला काय हरकत आहे?

"आमच्या वेळी असं नव्हतं हो" म्हणणारे भेटतील, त्यांचं फार मनावर घेऊ नका. मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकलं ते याच शहरात. आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली तीही इथेच. टिळक आणि आगरकर कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर राहिलेले मित्र. १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढला आणि पुढे दोघांनी आपापल्या वर्तमानपत्रांतून एकमेकांना सोडलं नाही. टिळक-गोखल्यांचंही आयुष्यभर पटलं नाही. तरी फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात त्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हणाले, लोकांना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितलं. गेलेल्या माणसाचं कौतुक करणं सोपं असतं, कबूल. पण त्यासाठी टिळकांनी आपलं जहालपण काही सोडलं नव्हतं.

एक मात्र आहे. जातीवरून, धर्मावरून किंवा कुणाच्या घरातल्या बायकांवरून बोलणं सुरू झालं, तर ते सहन करत बसायची गरज नाही. मग समोर मामा असोत की आणखी कोणी. "मामा, हे मी ऐकून घेणार नाही" एवढं म्हणून ताटावरून उठलात तरी चालेल. आईला नंतर समजावता येईल.

एरवी मी तुमच्या जागी असतो तर दोन गोष्टी केल्या असत्या. मामांना "तुम्हाला काय कळतं" म्हणायच्या ऐवजी "हे तुम्ही कुठे वाचलंत?" असं विचारलं असतं, आणि उत्तर येईपर्यंत खरंच थांबलो असतो. दुसरं, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांना खोडायला गेलो नसतो. तिथे मामी, सुना, व्याही सगळे वाचत असतात आणि सगळ्यांदेखत माघार घेणं साठीच्या माणसाला जड जातं. सरळ फोन करा. तोही दुपारी एक ते चार सोडून.